आमच्या टेबलावर कोण काय घेतं

घरात जुन्या चार्जरच्या वायरी कशा साठतात, हे कुणालाच सांगता येत नाही. विकत कुणी आणलेल्या नसतात, टाकून कुणी देत नाही, आणि एक दिवस ड्रॉवर उघडून एक ओढायला जावं तर पाच बाहेर येतात. आमच्या शनिवारच्या टेबलाचे किस्से तसेच आहेत. परवा एका लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी मला सहज विचारलं, "तुम्ही काय घेता हो?" मी उत्तर द्यायला लागलो तो पाऊण तास बोलतच बसलो. बिचारे जेवायचे राहिले.

तर आधी टेबल सांगतो. आम्ही चौघं. वाय-टू-केच्या धामधुमीत एका सॉफ्टवेअर कंपनीत एकत्र आलो, तेव्हा ती कंपनी एरंडवण्यातल्या एका बंगल्यात होती. सर्व्हर ज्या खोलीत ठेवला होता, तिथे अजून मोरीचा नळ होता! पुढे कंपनी वाढली, हिंजवडीला गेली, काचेची झाली. आम्ही चौघं मात्र तेच राहिलो.

देवधर सर आमचे प्रोजेक्ट लीड. आमच्याहून बारा वर्षांनी मोठे, बोलणं मोजकं आणि तिरकं. मीनल प्रोग्रॅमर, माहेर कोथरूडचं, सासर कसबा पेठेत. वानखडेही प्रोग्रॅमर, वर्ध्याचा. आणि मी टेस्टिंगमध्ये, शनिवार पेठेतला. "दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेणारा पहिला पेठकर," असं देवधर माझी ओळख करून देत. "बाकीचे हे काम फुकट करतात."

दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही डेक्कनच्या मागच्या एका परमिट रूममध्ये बसायचो. पहिला मजला, खिडकीजवळचं टेबल. साडेआठला ज्याचा तो आपापल्या घरी. हा नियम कुणी केलेला नव्हता, त्यामुळे मोडायचा कसा हेही कुणाला माहीत नव्हतं.

* * *

पहिला किस्सा माझाच सांगतो, म्हणजे पुढे कुणाला राग यायला नको.

मी नोकरीला लागलो तेव्हा मला काय आवडतं याचा मला पत्ताच नव्हता. घरी विषयच नव्हता! कंपनीची पहिली मोठी पार्टी एका चांगल्या हॉटेलात झाली. हॉलच्या टोकाला लांबच लांब बार, पलीकडे बो टाय लावलेला माणूस. त्यानं देवधरांना विचारलं, "व्हॉट विल यू हॅव, सर?" देवधर म्हणाले, "व्हिस्की." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून म्हणालो, "सेम."

ते जे "सेम" झालं, ते तीन वर्षं चाललं. मला व्हिस्की आवडत नव्हती. पहिल्या घोटाला अंगावर काटा यायचा. पण प्रत्येक पार्टीत मी देवधरांच्या मागे उभा राहायचो आणि म्हणायचो, "सेम." सोपं पडायचं.

चौथ्या वर्षी क्लायंटकडची मंडळी आली होती. सगळे सूटबूट घालून बारपाशी उभे. देवधरांना त्या दिवशी सकाळपासून ॲसिडिटीनं हैराण केलं होतं. मला ते माहीत नव्हतं. बारवाल्यानं विचारलं आणि देवधर पुढे वाकून हळूच काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. बारवाला माझ्याकडे वळला.

"सेम," मी ऐटीत म्हणालो.

पाचच मिनिटांत ट्रेवरून दोन उंच ग्लास आले. थंड दूध!

क्लायंटनं एकदा देवधरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्याला वाटलं हे काहीतरी धार्मिक असावं; त्यानं आपला ग्लास आदरानं बाजूला ठेवला. देवधर मला म्हणाले, "तुम्हालाही ॲसिडिटी?"

"नाही, सर."

"मग तुम्हाला आवडतं तरी काय?"

मी दुधाचा ग्लास हातात धरून खरोखर विचार करत राहिलो. अठ्ठावीस वर्षांचा होतो मी. हे मला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

* * *

मग ठरवलं की आपली आवड आपण शोधायची. कुणीतरी सांगितलं, जिन घेऊन बघ. पेठेतल्या एका दुकानात गेलो. हे दुकानही दुपारी एक ते चार बंद असायचं! काउंटरमागे चष्मा कपाळावर ढकललेले एक काका वर्तमानपत्र वाचत बसलेले. मागे पाटी : 'चव कशी आहे हे विचारू नये. मालक घेत नाहीत.'

मी म्हणालो, "काका, एक चांगली जिन द्या."

"चांगली म्हणजे?"

"म्हणजे... त्यातल्या त्यात चांगली."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठीच."

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि पुन्हा कपाळावर ढकलला.

"मग मला कसं माहीत असणार?"

मी स्वतःच्या हातानं एक बाटली दाखवली. त्यांनी ती कागदात गुंडाळून दिली. तेव्हापासून मी जिन घेतो, टॉनिक घालून, लिंबाची एक फोड. निवड माझी आहे, याची जबाबदारी काकांवर नाही.

* * *

वानखडे वर्ध्याचा, हे सांगितलं. त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे पुण्यात येईपर्यंत त्यानं दारूचं मेनू कार्ड नावाचा प्रकार पाहिलेला नव्हता. पहिल्या शनिवारी त्याच्या हातात ते पडलं. अकरा पानी. त्यानं ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. आमचे पहिले ग्लास संपत आले तरी हा सातव्या पानावर!

आमचा वेटर सदाअण्णा उडुपीकडचा, पण पंचवीस वर्षं पुण्यात काढलेला. तो तीनदा येऊन गेला. शेवटी वानखडेनं कार्ड मिटलं आणि म्हणाला, "एवढं सगळं खुल्यात भेटते का बाप्पा? लपवाछपवी काहीच नाही?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मंग एक लिंबू सरबत सांगा."

पण माणूस पद्धतशीर. पुढच्या शनिवारपासून त्यानं दर आठवड्याला एक प्रकार, असं ठरवून टाकलं. एकच पेग, पाणी घालून, आणि सोमवारी ऑफिसात एक्सेल शीटमध्ये नोंद. तारीख, प्रकार, वास, चव, दुसऱ्या दिवशीचं डोकं, आणि शेवटी 'शेरा'. मी टेस्टिंगवाला असल्यामुळे मला ती शीट रिव्ह्यूला यायची. त्यातले शेरे मला अजून पाठ आहेत.

ब्रँडी : 'सर्दी नसताना घेऊ नये.'

व्हिस्की : 'लाकडी कपाट उघडल्यासारखं वाटते.'

टकीला : 'मीठ छान होतं.'

रम : 'गुळाच्या भेलीचा वास. आवडली. इथेच थांबू.'

आणि व्होडकासमोर चव, वास, सगळे रकाने रिकामे. शेऱ्यात फक्त : 'काहीच येत नाही आहे. बग?'

मी रीतसर उत्तर दिलं, 'बग नाही. डिझाईनच तसं आहे.' आणि शीट बंद केली.

* * *

याच वानखडेचं लग्न ठरायचं होतं. वय एकतीस. मुली पाहून पाहून दमलेला. त्याचा प्रश्न एकच : "'घेता का' म्हणून विचारलं तर काय सांगू?"

मी म्हणालो, "नाही म्हणून सांग." मीनल म्हणाली, "कधीतरी, कंपनी द्यायला, असं सांग." देवधर म्हणाले, "विचारलं तर खरं सांगा. नाही विचारलं तर एक्सेल दाखवू नका."

रविवारी हा चिंचवडला गेला. मुलीचं नाव अर्चना, शाळेत गणित शिकवायची. वडील बँकेतून निवृत्त. तेही मूळचे तिकडचेच, नागपूरचे. पोहे झाले, पगाराचं झालं, गावाकडचं झालं. वडील सारखे गंभीर चेहऱ्यानं याच्याकडे बघत होते. वानखडे रात्रभर उत्तराची तयारी करून आलेला. त्याचं लक्ष कशातच नव्हतं. प्रश्न कधी येतो, एवढंच.

तेवढ्यात मुलीची आई आतून आली आणि म्हणाली, "तुम्ही काय घेता?"

वानखडे ताठ बसला.

"रम. दोन पेग. पाण्यात. फक्त शनिवारी."

त्या माउलीच्या हातात ट्रे होता. ती म्हणाली, "मी चहा-कॉफीचं विचारत होते हो."

सोमवारी वानखडे ऑफिसात आला तो तोंड पाडूनच. जेवला नाही. दोन दिवसांनी मला म्हणाला, "मुलगी चांगली होती राजे हो. मला विचारत होती, तुम्ही कामात चुकलात तर कोणाला कळते म्हणून. असं कोणी विचारत नाही." आठवडा गेला. चिंचवडहून काहीच निरोप नाही. आम्ही तो विषय काढणंच सोडून दिलं.

आठव्या दिवशी ऑफिसच्या फोनवर अर्चनाचाच फोन! वानखडेनं घाबरून स्पीकर चालू केला की चुकून झाला, ते माहीत नाही, पण आम्ही सगळं ऐकलं.

ती म्हणाली, "बाबांचा होकार आहे. माझाही आहे. तुमच्या आधी दहा जण येऊन गेले. दहाही जणांनी सांगितलं, काहीच घेत नाही. त्यातल्या तिघांना बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी परमिट रूममध्ये पाहिलं होतं. बाबा म्हणाले, हा एक तरी खरं बोलला."

वानखडे आनंदानं खुर्चीतून उठलाच. मग तोंडातून निघून गेलं ते भलतंच.

"पण बाबा तिथं काय करत होते?"

ती म्हणाली, "तेच आई विचारतेय. आठ दिवस झाले. म्हणून तर फोन करायला उशीर झाला!"

* * *

मीनलचा नवरा सचिन कॉलेजात शिकवतो. तो घेत नाही. तत्त्व वगैरे काही नाही, त्याला कडू चव सोसत नाही, एवढंच. त्याला गोड, रंगीत, फळांचं काहीतरी लागतं. मीनल व्हिस्की घेते, सोडा घालून, बर्फ नाही. आता हे दोघं कुठेही गेले की एक गोष्ट ठरलेली : वेटर व्हिस्की सचिनपुढे ठेवणार आणि सरबत मीनलपुढे. वेटर वळला की हे दोघं न बोलता ग्लास बदलणार. इतकी वर्षं झाली की बोलणंही थांबत नाही. बोलता बोलता ग्लास इकडचे तिकडे.

त्यांच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही सगळे बाणेरच्या एका नव्या लाउंजमध्ये गेलो. बारीक उजेड, खोल खोल सोफे, आणि अतिशय नम्र वेटर. सचिननं लिचीचं काहीतरी मागवलं होतं. ते आलं तर त्यावर अननसाची चकती, लाल चेरी आणि कागदाची गुलाबी छत्री! वेटरनं ते अर्थातच मीनलपुढे ठेवलं. हे दोघं आपले सवयीनं ग्लास बदलून मोकळे.

पण हा वेटर वळून बघणारा निघाला. त्याला वाटलं आपण चूक केली. तो लगबगीनं आला, "सॉरी मॅडम, सॉरी सर," म्हणाला आणि ग्लास पुन्हा बदलून गेला. तो जाताच यांनी परत बदलले. तो पाणी घेऊन आला. पाहिलं. पुन्हा "सॉरी मॅडम." पुन्हा बदलले. चेहरा रडवेला, नोकरीचा बहुतेक पहिलाच आठवडा असावा. तिसऱ्या वेळी तर तो मॅनेजरलाच घेऊन आला. मॅनेजरनं झुकून माफी मागितली आणि स्वतःच्या हातानं ती छत्री मीनलपुढे ठेवली.

सचिन एरवी आवाज न चढवणारा माणूस. तो उभा राहिला आणि सगळ्या लाउंजला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अहो, छत्री माझी आहे!"

* * *

त्याच लाउंजमध्ये त्या दिवशी कसब्यातल्या त्यांच्या शेजारीण वैद्यबाई भाचीच्या साखरपुड्याला आल्या होत्या. हे आम्हाला नंतर कळलं.

मीनलच्या सासूबाई म्हणजे महापालिकेच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. शब्द तोलून वापरणाऱ्या. मीनल शनिवारी कुठे जाते हे त्यांना माहीत होतं. काय घेते, ते माहीत नव्हतं, असं मीनलला वाटायचं. दहा वर्षं तिनं ते सांभाळलं होतं. घरी जाताना बडीशेप, वेलची, सगळं.

तर एका दुपारी मीनल घरून काम करत होती. आतल्या खोलीत लॅपटॉप, बाहेर सासूबाई पालक निवडत बसलेल्या. वैद्यबाई आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "सांगू नये, पण तुम्ही मोठ्या आहात म्हणून सांगते. तुमच्या सुनेच्या हातात ग्लास होता."

"असेल."

"अहो, दारूचा!"

आत मीनलनं लॅपटॉप मिटला. घर सोडावं लागेल इथपर्यंत तिचं मन पोचलं. बाहेर सासूबाईंनी पालकाची एक काडी मोडली.

"पाण्यातली की सोड्यातली?"

"ते मला काय माहीत?"

"मग अर्धवट माहिती कशाला आणलीत? नीट बघून या."

वैद्यबाई चहा न घेताच गेल्या. पण खरी शिक्षा मीनललाच झाली, कारण सासूबाई त्यावर तिला एक शब्द बोलल्या नाहीत. तो दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मीनल ऑफिसात येऊन मला म्हणायची, "अरे, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं."

चौथ्या दिवशी दोघी स्वयंपाकघरात. मीनल पोळ्या करत होती, सासूबाई पाठमोऱ्या, आमटीला फोडणी देत होत्या. मागे न बघता त्या म्हणाल्या, "ते सोड्याचं मात्र बंद कर. पोटात वायू धरतो. साधं पाणी घालावं."

मीनल लाटणं हातात धरून उभी राहिली. धीर करून तिनं विचारलं, "आई, पण तुम्हाला हे कसं..."

"पोळी करपतेय. तिकडे बघ."

* * *

हिंजवडीचे दत्ताभाऊ आमच्या टेबलावर नसायचे, पण त्यांच्याशिवाय आमचं ऑफिस चालत नसे. कंपनीच्या बसगाड्या त्यांच्या होत्या. ऑफिस उभं होतं ती जमीनही एकेकाळी त्यांचीच. उसाचा मळा होता तिथे.

एकदा आमचा स्कॉटलंडचा क्लायंट आला. पन्नाशीचा, शांत माणूस. दत्ताभाऊंनी त्याला आणि आम्हा चौघांना रविवारी दुपारी घरी मटणाला बोलावलं. पाहुण्यानं भेट म्हणून त्याच्या गावाकडची सिंगल माल्ट आणली होती. अंगणात आंब्याखाली टेबल मांडलं होतं. बाटली उघडली, ग्लास भरले. दत्ताभाऊ पाणी ओतायला गेले तर पाहुणा म्हणाला, थोडंच, चार थेंब. मग तो सांगायला लागला. त्यांच्याकडे म्हणे व्हिस्कीची चव पाण्यावर असते. ज्या ओढ्याचं पाणी, तशी व्हिस्की. त्याच्या आजोबांना नुसतं पाणी चाखून ओढा ओळखता यायचा.

देवधरांनी हे सगळं मराठीत सांगितलं. दत्ताभाऊ ऐकत होते. मग त्यांनी जारमधलं पाणी बाजूला ठेवलं, पाहुण्याचा हात धरला आणि त्याला घरामागे घेऊन गेले. आम्ही मागोमाग. तिथे दगडी विहीर होती. दत्ताभाऊंनी स्वतः बादली सोडली, पाणी ओढलं, आणि ओंजळीतून त्याच्या ग्लासात चार थेंब टाकले.

पाहुण्यानं घोट घेतला. डोळे मिटले. म्हणाला, "स्वीट."

दत्ताभाऊंना एवढं इंग्रजी येत होतं. ते म्हणाले, "त्यास्नी सांगा, ह्ये काहीच न्हाय. आमची आजून येक हीर हुती. तिचं पानी ह्याच्याहून गोड हुतं. माझा बाप म्हनायचा, त्या पान्याला साकर लागत न्हाय. तिच्यावर आता तुमची बिल्डिंग हाय. बी विंग."

पाहुणा देवधरांकडे बघत होता. हसरा चेहरा, भाषांतराची वाट बघत असलेला. देवधर विहिरीत बघत होते. माझ्या आठवणीत इतका वेळ त्यांना कुठल्याही वाक्याला लागलेला नाही.

शेवटी ते म्हणाले, "ही सेज, यू आर ऑलवेज वेलकम."

पाहुण्यानं दोन्ही हातांनी दत्ताभाऊंचे हात धरले. दत्ताभाऊंनी देवधरांना विचारलं, "सांगितलं का?"

"सांगितलं," देवधर म्हणाले.

* * *

देवधरांना साठी गाठायच्या आतच डॉक्टरांनी सांगितलं, यकृत बिघडलंय, आता एक थेंबही नाही. त्यांनी आम्हाला फोनवर एका वाक्यात कळवलं आणि फोन ठेवला. तीन शनिवार ते आले नाहीत. आम्ही ठरवलं, आता परमिट रूम बास, पुढच्या वेळेपासून कॉफी शॉपमध्ये बसू. त्यांना कळवलं. ते म्हणाले, "जागा बदललीत तर मी येणार नाही."

चौथ्या शनिवारी ते आले. बारीक झाले होते, शर्टाची कॉलर सैल. आम्ही तिघांनी आधीच ठरवून मागवलेलं : मीनलनं लिंबू पाणी, वानखडेनं चहा, मीही चहा. देवधरांनी टेबलावर नजर फिरवली.

"कोण गेलंय? यकृत माझं बिघडलंय, तुमचं नाही. नेहमीचं मागवा."

आम्ही मान खाली घालून नेहमीचं मागवलं. मग त्यांनी सदाअण्णाला खूण केली आणि आपलीही मागवली. त्यांची एक ठरावीक देशी व्हिस्की होती. फारशी कुणी घेत नसे. तिथे ती बहुधा त्यांच्या एकट्यासाठीच ठेवत. सदाअण्णानं ग्लास आणून ठेवला तशी मीनलनं त्यावर हात ठेवला. "सर, नाही!"

"पिणार नाहीये," देवधर म्हणाले. "समोर असू द्या."

तिनं हात काढला. आम्ही तिघं दोन तास त्या ग्लासकडे बघत होतो. देवधर बघत नव्हते. ते बोलत होते, शेंगदाणे खात होते, वानखडेच्या मुलीच्या शाळेची चौकशी करत होते. साडेआठला उठले. ग्लास जसा आला तसाच होता.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. पाच महिने हे चाललं. आम्ही घाबरायचं सोडून दिलं. ते गेले की सदाअण्णा तो ग्लास उचलून न्यायचा आणि बेसिनमध्ये ओतायचा. त्यातली कुणाला दिली नाही त्यानं.

मग एका शनिवारी ग्लास आला. देवधर वानखडेशी बोलत होते. बोलता बोलता थांबले. ग्लास उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला.

"सदाअण्णा."

तो आला.

"ही माझी नाही."

सदाअण्णाचा चेहरा पडला. "साहेब, ती यायची बंद झाली. शेवटची बाटली गेल्या शनिवारी संपली. म्हणून तसलीच दुसरी दिली." आणि मग जरा अडखळत, अजिजीनं, "साहेब, तुम्ही तर पीत नाही ना."

"म्हणून?" देवधर म्हणाले. "जी प्यायची नाही, ती तरी मनासारखी नको?"

सदाअण्णा ग्लास घेऊन गेला. जिना उतरताना आम्हाला दिसला. खिडकीतून खाली पाहिलं तर तो ॲप्रनसकट रस्ता ओलांडून चाललेला. वीसेक मिनिटांनी तो परत आला, घामाघूम. हातात कागदात गुंडाळलेली बाटली. कुठल्या दुकानातून शोधून आणली, त्यालाच माहीत. त्यानं ती टेबलापाशीच उघडली, पेग मोजला, ग्लास देवधरांपुढे ठेवला आणि पाण्याचा जग उचलला.

"पाणी किती, साहेब?"

देवधरांनी वास घेतला. मान हलवली.

"थोडंच. पातळ झालेली मला आवडत नाही."